डोमेन आपल्याच नावावर घ्या

वेबसाइट करायची ठरली की सगळे आधी रंग आणि लोगो घेऊन बसतात. त्याआधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या खात्यावर घ्या. सांगलीत गणपती पेठेतल्या माझ्या मावसभावाने हळद विकायला साइट करून घेतली. डोमेन मात्र करून देणाऱ्या पोराच्याच खात्यावर राहिलं. पोरगा नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, मुदत संपल्याची मेल त्याच्या जुन्या इनबॉक्सात पडून राहिली. ऐन हंगामात साइट बंद. हळदीच्या पाकिटांवर तोच पत्ता छापलेला होता, ते गठ्ठे बघून फार वाईट वाटलं.

म्हणून पैसे भरताना 'रजिस्ट्रंट'च्या, म्हणजे डोमेनधारकाच्या, रकान्यात आपलंच नाव आहे ना, ते डोळ्यांनी पाहा. तिथे ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका, साधा जीमेलचा द्या. डोमेन बंद पडलं की त्यावरची मेलही बंद पडते, मग सूचना येणार कुठे? ऑटो-रिन्यू, म्हणजे मुदत संपायच्या आधी कार्डावरून आपोआप पैसे भरले जायची सोय, चालू ठेवा. कार्ड बदललं तर तिथेही बदला, हे हमखास राहून जातं. डॉट कॉम किंवा डॉट इन एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारा.

होस्टिंगचं, म्हणजे साइटच्या फायली जिथे ठेवतात त्या जागेचं, एवढं टेन्शन नको. डोमेन हातात असेल तर नेमसर्व्हर, म्हणजे पत्ता टाकल्यावर कुठे जायचं ते सांगणारी नोंद, बदलून साइट दुसरीकडे हलवता येते.