पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं घर आणि मातीचा गिलावा: जोत्यापासून शेवटच्या हातापर्यंत

पेंढ्याचं घर बांधतोय म्हणलं की लोक आधी आगीचं विचारतात, मग उंदरांचं, आणि पाण्याचं कोणी विचारतच नाही, खरं तर या घराला मारतं ते पाणीच. दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात हवा खेळत नाही आणि दोन्ही अंगांनी इंचभर मातीचा गिलावा बसला की आग सहजासहजी आत शिरत नाही (बांधकाम चालू असताना पायाखाली पडलेला मोकळा पेंढा मात्र एका ठिणगीत भडकतो, तो रोज संध्याकाळी झाडून लांब टाकायचा आणि साइटवर बिडी कोणालाच ओढू द्यायची नाही). म्हणून पुढचं सगळं वाचताना एकच बघत चला, पाणी कुठून येईल आणि आलंच तर बाहेर कसं जाईल.

ही पद्धत मूळची अमेरिकेतल्या नेब्रास्काची. तिथल्या वाळूच्या टेकड्यांच्या भागात ना झाडं, ना भिंतीला चालेल अशी माती, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेलर, म्हणजे पेंढा दाबून गठ्ठे बांधणारं यंत्र, आल्यावर लोकांनी गठ्ठेच विटांसारखे रचले. आर्थर गावातलं असं चर्च १९२८ पासून उभं आहे. फ्रान्समध्ये माँटार्जीला १९२० चं घर अजून आहे. म्हणजे नीट बांधलं तर शंभर वर्षं काही कुठं जात नाही.

मी बांधली ती पुरंदरला शेतावरची १२ बाय १५ फुटांची खोली. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पहिलंच घर असं बांधू नका असं मी स्पष्ट सांगेन, तिथे पाऊस आडवा मारतो, चारी बाजूंनी पडवी काढणार असाल तरच विचार करा.

वेळ आधी ठरवा
भाताची कापणी-मळणी दिवाळीच्या आसपास उरकते, गठ्ठे तेव्हाच घ्या आणि छपराखाली ठेवा. तोवर जोतं आणि सांगाडा उभा करायचा, जानेवारीत भिंती, फेब्रुवारी-मार्चमध्ये गिलावा. एप्रिल-मेच्या उन्हात माती भराभर सुकते आणि तडकते, आणि जून उजाडला की काहीच हातात राहत नाही.

जोतं आणि छप्पर
जोतं दगडाचं, जमिनीपासून किमान दीड-दोन फूट वर. त्याचा दगड बाहेरून उघडाच ठेवा, वाळवीने मातीच्या नळ्या वर चढवल्या तर लगेच दिसतात. जोत्यावर ओल अडवणारा थर, त्यावर भिंतीच्या दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या आणि मधे खडी, गठ्ठा बसतो तो या पट्ट्यांवर. आतल्या फरशीवर उद्या बादली लवंडली तरी पाणी पेंढ्याला शिवत नाही. बाथरूमची भिंत विटांची करा, आणि पाण्याचा पाइप पेंढ्याच्या भिंतीतून कधीच नेऊ नका.

नेब्रास्कात छप्पर थेट गठ्ठ्यांवर टेकवायचे. पहिल्यांदा करणाऱ्याने तसं करू नये, खांब-तुळयांचा सांगाडा उभारा, वर पत्रा किंवा कौलं घाला आणि त्या छपराखाली भिंती रचा. पाखं भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी यायला हवं. सांगाडा इंजिनिअरकडून काढून घ्या, वाऱ्याचा आणि भूकंपाचा हिशोब अंदाजाने होत नाही, आणि ग्रामपंचायतीची परवानगीही त्या नकाशाशिवाय अवघडच.

गठ्ठे
चौकोनी गठ्ठेच पाहिजेत, गोल चालत नाहीत. साधारण ३५ बाय ४५ सेंटीमीटर आणि ९० सेंटीमीटर लांब, वजन १५-१६ किलोच्या आसपास. सुतळीला धरून उचलला तर वाकता कामा नये. भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड घ्या, चाऱ्याचं गवत नको, आणि लोंबीत दाणे राहिलेले असतील तर उंदराला आमंत्रणच. हात आत खुपसून बघा, उबदार किंवा दमट लागला तर तो गठ्ठा परत पाठवा. ओल मोजणारा मॉइश्चर मीटर मिळाला तर उत्तमच, ओल १५ टक्क्यांच्या आत चांगली, २० च्या वर अजिबात नाही. एका चौरस मीटरला तीन गठ्ठे लागतात, माझ्या खोलीला दारं-खिडक्या वजा जाता ११० चा हिशोब होता, मी १३० आणले आणि ते पुरले एवढंच.

रचताना विटांसारखे सांधे मोडत जायचं. अर्धा गठ्ठा लागला तर आधी लांब दाभणाने नवीन सुतळी आरपार घालून दोन्ही भाग घट्ट बांधा आणि मगच जुनी कापा, नाहीतर सगळा पेंढा अंगणात. सात थरांत भिंत अडीच मीटरला येते. मग ट्रकवाले वापरतात ते पट्टे जोत्यापासून वरपर्यंत घालून भिंत दाबून घ्या, आतबाहेर बांबूच्या कामट्या लावून एकमेकींना आरपार बांधा. फटीत चिखलात बुडवलेला पेंढा ठासून भरा. विजेची वायर कंड्युटमधूनच, म्हणजे वायरच्या नळीतूनच न्या.

गिलावा
सिमेंट नको म्हणजे नकोच. त्यातून वाफ नीट बाहेर पडत नाही, ओल आत कोंडते आणि भिंत वरून छान दिसत असताना आतून कुजते.

काळी माती घेऊ नका, सुकताना भेगाळते. चिकण लाल किंवा पांढरी माती शोधा. बरणीत माती-पाणी हलवून ठेवलं की वाळू मिनिटाभरात तळाला बसते, चिकणमाती सगळ्यात शेवटी, त्यावरून अंदाज येतो. मग मातीला वाळू १:१, १:२, १:३ असे फूटभराचे तुकडे भिंतीवरच थापा, वाळल्यावर जो तडकला नाही आणि बोट घासल्यावर झडलाही नाही तोच तुमचा. माझा १:२ निघाला.

माती चाळून, कापलेला पेंढा आणि शेण घालून चार-पाच दिवस मुरवा, रोज पायाने तुडवा. तिसऱ्या दिवशी वास बदलतो आणि चिखल पायाला लोण्यासारखा लागतो. पहिला हात पातळ, थापी न घेता तळहाताने, बोटं पेंढ्यात शिरेपर्यंत दाबायचा, हा नुसता वरवर फासला तर पुढचं सगळं पापुद्र्यासारखं सुटतं. तो पूर्ण वाळू द्या. दुसरा हात इंचभर, ओला असतानाच चरे पाडून ठेवा. बाहेरून तिसरा हात चुन्याचा: कळीचा चुना काही आठवडे पाण्याखाली विरवलेला, त्यात बारीक वाळू, जमलं तर हिरडा-गुळाचं पाणी. हातमोजे आणि चष्मा घालाच, विरतानाचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आधी भिंत ओली करा आणि लावल्यावर आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाका. आतून चुना लागत नाही, बारीक मातीचा हात पुरतो.

पहिला पावसाळा
माझ्याकडून चूक झाली ती पश्चिमेच्या खिडकीत. खिडकीच्या तळाची पाटी भिंतीला सपाट, बाहेर न काढता ठेवली होती, ऑगस्टमध्ये तिथून कुबट वास यायला लागला, गिलावा फोडला तर मुठीत येईल असा काळा, ओला पेंढा. दोन फूट भिंत उकरून नवीन पेंढा ठासला, परत तिन्ही हात दिले आणि दिवाळी तिथेच गेली. आता शहाबादी फरशी आहे, बाहेरच्या बाजूला उतार, भिंतीच्या दोन इंच पुढे आणि खालून एक खाच पाडलेली, म्हणजे थेंब मागे ओघळत न येता तिथूनच खाली पडतो. दर खिडकीला हे गिलाव्याच्या आधीच करून घ्या.