फेनिटॉइनचं इंजेक्शन आणि जांभळा पडणारा हात: या चुका टाळा

फिट थांबत नसली की ती थांबवायला फेनिटॉइन हे औषध शिरेतून देतात. तेव्हा सगळ्यांची नजर मॉनिटरवर असते, सुई लावलेल्या हाताकडे कोणी बघत नाही. मग दोन ते बारा तासांत पंजा सुजतो, ठणकतो, निळा-जांभळा पडतो. हाच ‘पर्पल ग्लोव्ह सिंड्रोम’.

फेनिटॉइन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून ते प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलमध्ये असतं, पीएच १२च्या आसपास. असं तीव्र अल्कली शिरेला झोंबणारच.

सगळ्यात महाग पडते ती घाई. ६० किलोच्या माणसाला किलोमागे २० मिलिग्रॅम धरले तर १२०० मिलिग्रॅम, म्हणजे १००च्या बारा अँप्युल. मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे निदान २४ मिनिटं हवीतच. म्हाताऱ्या माणसांना त्याहून सावकाश. घाई केली तर हात राहू द्या, बीपी कोसळतं, हृदयाचे ठोके बिघडतात.

पंजावरची बारीक शीर पटकन सापडते, म्हणून तिथेच कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) ठोकू नका. वरच्या बाजूची जाड शीर शोधा, आधी नॉर्मल सलाईन सोडून बघा, औषधानंतरही सलाईनने शीर धुऊन काढा. डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) तर कधीच मिसळू नका, औषधाचा साका होतो. बाटली गढूळ दिसली की टाकून द्या.

‘औषध बाहेर गळलं नाही, मग काळजी नाही’ हा समजही चुकीचा. गळती न होताही हात जांभळा पडू शकतो. त्यात रुग्ण बेशुद्ध, दुखतंय हे सांगणार कोण? म्हणून बांगड्या, अंगठ्या आधीच काढा आणि दर थोड्या वेळाने दोन्ही पंजे शेजारी धरून बघा.

रंग बदलला की इंजेक्शन लगेच थांबवा, हात उंच ठेवा, डॉक्टरांना बोलवा. नातेवाइकांनी बाम चोळू नये, मनाने शेक देऊ नये. बोटं सरळ करताना कळ आली, बधिर किंवा गार पडली तर सर्जनला तातडीने दाखवा. नाडी लागतेय म्हणून थांबू नका, आतला दाब वाढला तरी ती लागू शकते.

फॉसफेनिटॉइन हे फेनिटॉइनचंच दुसरं रूप पाण्यात विरघळतं, त्यात हा त्रास बराच कमी. २०१९च्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या औषधाला न जुमानणाऱ्या फिटवर लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट आणि फॉसफेनिटॉइन जवळपास सारखीच चालली, साधारण निम्म्या रुग्णांत. शिरा नाजूक असतील तर यातलं काही देता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.