गरोदरपणात चॉकलेट कसं खावं (आणि मुख्य म्हणजे कधी)

माझी दोन बाळंतपणं, मग जावेचं, धाकट्या बहिणीचं आणि आता भाचीचं. चॉकलेट खाऊ का, हा प्रश्न प्रत्येक वेळी माझ्याकडेच येतो. खा. बाळ काळं होईल म्हणणाऱ्या मावश्यांना चहा द्या नि आपला तुकडा तोंडात टाका.

रम किंवा लिकर भरलेलं नको, कच्च्या अंड्याचं मूस नको. बाकी साधी सीलबंद वडी चालते.

दिवसाला २५-३० ग्रॅम पुरे. मिल्क चॉकलेटमध्ये जवळजवळ निम्मी साखरच असते. तेवढे चौकोन मोडून वाटीत काढा, उरलेली वडी नवऱ्याकडे लपवायला द्या.

कॅफीनचा बाऊ उगाच होतो. मर्यादा दिवसाला २०० मिलिग्रॅम. ५० ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये जेमतेम १०, साध्या डार्कमध्ये साधारण २५, सत्तर टक्केवालं कडू असेल तर आणखी थोडं. मगभर चहात मात्र ७५ आणि इन्स्टंट कॉफीत १००. हिशेब चहाचा करा.

खरी गोची वेळेची, आणि तिथेच मी आपटले. पहिल्या खेपेला जेवण झालं की लोहाची गोळी घ्यायची, तोंडाला खिळा चोखल्यासारखी चव यायची, म्हणून लगेच वर चॉकलेट, त्यावर चहा. हिमोग्लोबिन दोन महिने १०.२ वरून हललं नाही. डॉक्टरांनी काय खाता हे विचारलंच नाही. गोळी कशाबरोबर घेता, एवढंच विचारलं. चहातल्यासारखीच कोकोतली पॉलिफेनॉल्स आतड्यात लोहाला धरून ठेवतात, ते रक्तात जाऊ देत नाहीत. दूध आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वाटेवरची. एकट्या चॉकलेटचा हा प्रताप नव्हता, पण ‘गोळीनंतर गोड म्हणून चॉकलेट खा’ असं कोणी सांगितलं की आजही माझं डोकं फिरतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. आधी आणि नंतर दोन तास चॉकलेट, चहा, दूध काही नको. मी दुसऱ्या खेपेला गोळी सकाळी अकराला घेतली आणि चॉकलेट दुपारी चारला, चहाच्या ऐवजी. अकराला मळमळत असेल तर वेळ डॉक्टरांना विचारून बदला, पण अंतर ठेवाच.

मग रात्री खाल्लं तर? नको. या दिवसांत जठराच्या तोंडाची झडप आधीच सैल पडलेली असते, चॉकलेटने आणखी सैलावते. आडवं झालं की आंबट पाणी थेट घशाशी. सातव्या महिन्यात तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपले आहे, अनुभवाने सांगते.

आणि हे सगळं साखरेची तपासणी ठीक असेल तरच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी आकडा १४० किंवा वर आला, तर माझं नव्हे, डॉक्टरांचं ऐकायचं. भाचीचा १४८ आला. आहारतज्ज्ञांनी तिची वडी तूर्त बंद केली आहे आणि ती माझ्याशी बोलत नाही.