इंग्रज उमरावांची वंशावळ लावताना या चुका टाळा

आपल्याकडे कुलवृत्तांत लिहायला बसलं की आडनाव, वतन आणि रक्त या तीन गोष्टी बहुतेक वेळा एकाच दोरीत बांधलेल्या सापडतात. पाटीलकी ज्या घरात, आडनाव त्याच घराचं, आणि वारसही त्याच घरात जन्मलेला किंवा रीतसर दत्तक आलेला. ही सवय घेऊन इंग्लंड-आयर्लंडच्या उमराव घराण्यांकडे वळलं की दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतच गाडी अडते. तिथे किताब (वरून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन) एका वाटेने जातो, जमीन दुसऱ्या, आणि आडनाव बऱ्याचदा जमिनीच्या मागोमाग जातं. तीन दोऱ्या वेगळ्या धरायच्या, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

आडनाव म्हणजे रक्त नव्हे

उदाहरण घरचंच घेऊ. जालना जिल्ह्यातल्या आसईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याची वंशावळ ‘वेलस्ली’ या नावाने मागे शोधत गेलात तर आजोबांपाशीच भिंत लागते. कारण आजोबा जन्माने वेलस्ली नव्हतेच. ते होते रिचर्ड कॉली. १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली नावाच्या निपुत्रिक नातेवाइकाची आयर्लंडमधली जमीन त्यांच्याकडे आली आणि जमिनीबरोबर ‘वेस्ली’ हे आडनावही आलं. बापाकडची खरी वेल कॉली घराण्याची आहे.

पुढे वेस्लीचं वेलस्ली झालं. १७९७ मध्ये कलकत्त्याला उतरला तो कर्नल वेस्ली. वेलस्ली अशी सही तो १७९८ पासून करू लागला. म्हणजे त्याआधीच्या सूचीत ‘वेलस्ली’ शोधून काही हाती लागलं नाही, तर कागद नाही असं समजू नका. नाव बदलून पुन्हा शोधा.

आणि हे चौघे सख्खे भाऊ बघा. थोरला रिचर्ड, हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल, मार्क्वेस वेलस्ली. दुसरा विल्यम, त्याला पोल नावाच्या नातेवाइकाची मालमत्ता मिळाली म्हणून तो वेलस्ली-पोल झाला, आणि पुढे बॅरन मेरीबरो. आर्थर ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हेन्री १८२८ मध्ये बॅरन काउली झाला, आणि जुनं कॉली हे नाव त्या किताबातून परत वर आलं. एका आईबापाची मुलं, पण नुसते किताब वाचले तर चार घराणी वाटतील. म्हणून तक्त्यात प्रत्येक माणसासाठी जन्मनाव, नंतर घेतलेलं नाव आणि किताब असे तीन रकाने ठेवा, आणि प्रत्येकापुढे वर्ष टाका.

‘लॉर्ड’ सगळ्यांच्या नावामागे लावणं

ही चूक आपल्या पाठ्यपुस्तकांतून अंगवळणी पडलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. मुंबईच्या इतिहासात दोन एल्फिन्स्टन आहेत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर, ज्यांच्या नावाने एल्फिन्स्टन कॉलेज निघालं. ते अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे धाकटे चिरंजीव, स्वतः कधीच लॉर्ड नव्हते. दुसरे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर. हे पहिल्यांच्या थोरल्या भावाचे चिरंजीव, म्हणजे नात्याने पुतणे. हल्लीचं प्रभादेवी स्टेशन पूर्वी एल्फिन्स्टन रोड होतं ते या पुतण्यांच्या नावाने, आणि हॉर्निमन सर्कलचं जुनं नावही त्यांचंच. माझ्या एका जुन्या टिपणात मी काकांच्या नावामागे लॉर्ड लावला होता. त्या एका शब्दामुळे किताब काकांकडून पुतण्याकडे गेला असं चित्र तयार झालं आणि मधले बारावे लॉर्ड, जॉनचे वडील, तक्त्यातून गायबच झाले. दोन दिवस गेले ते दुरुस्त करण्यात.

नियम तसा सोपा आहे. ड्यूक आणि मार्क्वेस यांच्या धाकट्या मुलांना मानाने ‘लॉर्ड’ म्हणतात, पण ते नेहमी पाळण्यातल्या नावाला जोडून: लॉर्ड विल्यम बेंटिंक. १८२९ ची सतीबंदी करणारे हे गृहस्थ पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकचे धाकटे चिरंजीव. नुसतं ‘लॉर्ड बेंटिंक’ लिहिलं तर तो बेंटिंक नावाच्या किताबाचा धनी ठरतो, आणि तसा तो नव्हता. अर्लच्या धाकट्या मुलांना, तसंच व्हायकाउंट आणि बॅरनच्या सगळ्या मुलांना फक्त ‘ऑनरेबल’. ड्यूक, मार्क्वेस आणि अर्ल यांचा थोरला मुलगा वडील हयात असताना त्यांचा दुय्यम किताब मानाने वापरतो. तो वाचून वडील वारले असं गृहीत धरू नका.

बायकांच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. लॉर्ड विल्यमचे भाऊ लॉर्ड चार्ल्स बेंटिंक. त्यांची पत्नी कागदोपत्री ‘लेडी चार्ल्स बेंटिंक’. तिचं स्वतःचं नाव, ॲन, त्यात कुठेच नाही. आधीच्या लग्नामुळे १८१६ च्या घटस्फोटापर्यंत ती लेडी ॲब्डी होती. आणि जन्माने ती कोण? वर सांगितलेल्या गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीची मुलगी. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ आपल्या आईच्या बाजूने या ॲनची वंशज. तीन नावं तीन बायका समजून वेगळी टाकली असती तर ही अख्खी फांदी तुटली असती. बाईची ओळख पटवायला माहेरच्या मंडळींची मृत्युपत्रं बघावीत. ‘माझी मुलगी अमुक, तमुकची पत्नी’ अशी ओळ तिथे मिळते.

वारस कोण, हे आपल्या कायद्याने ठरवणं

ॲनच्या भावांना वडिलांचा किताब का मिळाला नाही? रिचर्डचं इयासिंत रोलांशी लग्न झालं १७९४ मध्ये, आणि पाचही मुलं त्याआधीची. आईबापांनी नंतर लग्न केलं तर स्कॉटलंडमध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी मुलं औरस ठरत. इंग्लंडच्या कायद्यात १९२६ पर्यंत ती सोय नव्हती. त्यामुळे १८४२ मध्ये रिचर्ड वारल्यावर मार्क्वेसचा किताब संपला. पण वडिलांकडून आलेला अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हा जुना किताब भावाकडे, त्या विल्यम वेलस्ली-पोलकडे गेला, आणि फिरत फिरत १८६३ मध्ये वेलिंग्टनच्या दुसऱ्या ड्यूककडे पोचला. एका माणसाचे दोन किताब दोन वाटांनी जातात, कारण प्रत्येक किताब कुणाच्या पुरुष वंशजांना द्यायचा हे तो देताना सनदेत लिहिलेलं असतं. ‘घराणं संपलं’ असा शेरा मारण्याआधी नेमका कोणता किताब संपला ते बघा.

दत्तकाचा प्रश्न मराठी माणसाला हमखास पडतो. तिथे दत्तक मुलाला उमरावाचा किताब मिळत नाही. मुळात कायद्याने दत्तक घेण्याची सोयच इंग्लंडमध्ये १९२६ च्या कायद्याने आली. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा करणारा डलहौसी याच रिवाजात वाढलेला. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यामागे मुलीच होत्या. त्याचा मार्क्वेस हा किताब तिथेच संपला आणि अर्ल ऑफ डलहौसी हा जुना स्कॉटिश किताब भाऊबंदांतल्या फॉक्स मॉलकडे गेला. सातारच्या गादीसाठी किती अर्जविनंत्या झाल्या हे माहीत असलेल्या माणसाला ही नोंद लिहिताना थांबायला होतं.

लग्नाआधी मूल? आधी तारीख तपासा

समजा पॅरिश रजिस्टरात, म्हणजे गावच्या चर्चच्या नोंदवहीत, लग्न जून १६५० चं आहे आणि बाप्तिस्मा फेब्रुवारी १६५० चा. निष्कर्ष काढायची घाई करू नका. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६५१ चा, लग्नानंतर आठ महिन्यांचा. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ ला झाला म्हणतो. त्या वेळच्या कागदांत साल १६४८ आहे. स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी धरला होता. शुहूर सन मृगापासून मोजायची सवय असलेल्या मोडी वाचकाला हे जड जाऊ नये. अशी तारीख ‘फेब्रुवारी १६५०/५१’ अशी दोन्ही सालं देऊन लिहायची. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, तेही लक्षात ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. आडनाव जुळलं म्हणून कुलचिन्ह उचलू नका; इंग्लंडमध्ये ते एका माणसाला आणि त्याच्या पुरुष वंशाला दिलेलं असतं, आडनावाला नाही. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाबरोबर आलेल्या सरदारापर्यंत सरळ पोचणारी एकोणिसाव्या शतकातली छापील वंशावळ दिसली की प्रत्येक पिढीचा कागद मागा. अशा कितीतरी वंशावळी पुढे खोट्या ठरल्या. आडनावाआधीचा डच ‘व्हान’ म्हणजे उमरावपण दाखवणारा जर्मन ‘फॉन’ नव्हे. संगीतकार लुडविग व्हान बीथोव्हेनचा पुतण्याच्या ताब्याचा दावा १८१८ मध्ये व्हिएन्नात उमरावांच्या कोर्टातून शहराच्या कोर्टात गेला तो याच कारणाने.

आणि खुद्द माणसाने सांगितलेली तारीखही पडताळून घ्या. वेलिंग्टन आपला वाढदिवस १ मेला साजरा करायचा. डब्लिनच्या सेंट पीटर्स चर्चच्या रजिस्टरात त्याचा बाप्तिस्मा ३० एप्रिल १७६९ चा आहे. माझ्या तक्त्यात जन्माच्या रकान्यात ‘१ मे, स्वतःच्या सांगण्यानुसार’ असं लिहिलं आहे, आणि खाली रजिस्टरची तारीख.