स्वस्तातलं वेदर स्टेशन घेतलंत? रिटर्नची मुदत संपायच्या आत पावसाचं माप तपासा

घरगुती वेदर स्टेशन घेताना सगळे रंगीत स्क्रीन बघतात, पण स्वस्त मॉडेलमध्ये पाऊस बऱ्याचदा कमी-जास्त दाखवतो आणि तासगाव-जत भागात द्राक्षबागेच्या फवारणीचं गणित त्यावरच असतं, म्हणून हे आधी करा.

१. पावसाच्या भांड्याच्या तोंडाचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले 0.785, जे येईल तेवढं मिली पाणी म्हणजे 10 मिमी पाऊस. 11 सेमी तोंड असेल तर 95 मिली. (चौकोनी असेल तर लांबी गुणिले रुंदी.)

२. भांडं सपाट जागी ठेवा, गवंड्याची लेव्हल लावून बघितलेलं बरं, आतली डोलणारी वाटी (ती भरली की उलटते आणि त्यावरूनच पाऊस मोजला जातो) तिरकी असली की माप चुकतंच.

३. बाटलीच्या झाकणाला सुईनं भोक पाडा, तेवढंच पाणी भरा आणि थेंबथेंब अर्धा-पाऊण तास पडू द्या. वाटी टक-टक उलटताना ऐकू येते.

४. स्क्रीनवर 9 ते 11 च्या मधे आलं तर ठेवा, 7-8 च आलं आणि सेटिंगमध्ये कॅलिब्रेशनची (माप दुरुस्त करायची) सोय नसेल तर सरळ परत करा.

पाणी भसकन ओतू नका, वाटीला उलटायला वेळ मिळत नाही आणि चांगलं स्टेशनपण कमीच दाखवतं.