हवेने थंड होणारी जुनी व्हॅन क्वचित चालवत असाल, तर देखभाल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर करा

जुन्या फोक्सवॅगन व्हॅनच्या माहितीपुस्तकात प्रत्येक कामापुढे किलोमीटरचा आकडा असतो. इतके किलोमीटर झाले की ऑइल बदला, इतके झाले की टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) तपासा. रोज धावणाऱ्या गाडीसाठी ते बरोबरच होतं. पण वर्षाकाठी चार-सहा वेळाच बाहेर निघणाऱ्या गाडीचा आकडा पुढे सरकतच नाही, आणि मालकाला वाटतं की अजून काहीच करायची वेळ आलेली नाही. उभ्या गाडीतही ऑइल खराब होतं, पेट्रोल शिळं होतं, रबर कडक होतं, ब्रेकमध्ये पाणी शिरतं. म्हणून पहिलं काम एवढंच: एक वही करा आणि त्यात प्रत्येक कामापुढे तारीख लिहा.

ही व्हॅन १९५० पासून बनत होती. ब्राझीलमध्ये तर तिच्यात हवेने थंड होणारं इंजिन २००५ च्या अखेरीपर्यंत बसवलं जात होतं. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि रचना इतकी साधी आहे की बहुतेक कामं घरच्या घरी होतात. खाली मुख्यतः १६०० सीसीच्या नेहमीच्या इंजिनाबद्दल लिहिलं आहे. १९७२ पासून काही व्हॅनमध्ये आलेल्या मोठ्या, बसक्या इंजिनाचे (१७००, १८०० आणि २००० सीसी) आकडे थोडे वेगळे आहेत. तुमची गाडी त्यातली असेल तर माहितीपुस्तक उघडून बघा.

१. नुसती सुरू करून ठेवू नका, चालवा

दर रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं आणि बंद करायचं, ही सवय गाडीला अपाय करते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. त्यातली थोडी इंजिनात उतरते आणि थंड ऑइलमध्ये मिसळते. सिलिंडर हेड लवकर तापतं, पण ऑइल तापायला बराच वेळ लागतो. दहा मिनिटांत ते पाणी उडून जात नाही, उलट दर वेळी थोडं वाढतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. पिवळसर-पांढरा, चिकट थर दिसला तर गाडी पुरेशी तापत नाही असं समजा. शिवाय इंजिन नुसतं फिरत असताना जुना डायनॅमो बॅटरी जेमतेमच चार्ज करतो, म्हणजे सुरू करताना जेवढी वीज गेली तीही परत येत नाही.

त्याऐवजी दोन-तीन आठवड्यांतून एकदा गाडी बाहेर काढा आणि किमान अर्धा तास, जमलं तर चाळीस मिनिटं चालवा. पहिली काही मिनिटं जोर न लावता, नंतर मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने. सगळे गिअर टाका, ब्रेक नीट दाबा, वळणं घ्या. क्लच प्लेट चिकटणं, ब्रेकचा पिस्टन गंजून अडकणं, टायर एकाच जागी चपटा होणं हे सगळं एवढ्याने टळतं. जी फेरी अर्ध्या तासाची होणार नसेल, ती न केलेली बरी.

२. पेट्रोलचे पाइप: इथे कुचराई नको

या गाड्या जळून जातात. त्यातल्या कितीतरी रबरी पाइपमधून गळलेल्या पेट्रोलमुळे जळतात. इंजिन मागे, पेट्रोलची टाकी त्याच्या लगेच पुढे, आणि १६०० च्या इंजिनाचं आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. हा धातू एकदा पेटला की पाण्याने विझत नाही, पाणी पडल्यावर आणखी भडकतो. म्हणून माझ्या लेखी हे काम सगळ्यात महत्त्वाचं.

इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पूर्ण रस्ता हाताने चाचपा. प्रत्येक रबरी तुकडा चिमटीत दाबा, थोडा वाकवा, मग बोटांचा वास घ्या. पाइप कडक लागला, वाकवल्यावर भेगा दिसल्या किंवा बोटांना पेट्रोलचा वास आला, तर तो तुकडाच नाही, सगळेच तुकडे बदला. सगळ्यांचं वय सारखंच असतं. जुन्या पद्धतीच्या पाइपवर बाहेरून सुती वेष्टण असतं. त्याखालच्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे तिथे वास आणि स्पर्श यांवरच भरवसा ठेवावा लागतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं, म्हणून नवा पाइप अशा पेट्रोलला चालणारा आहे याची खात्री करूनच घ्या. पाइप चांगला दिसला तरी पाच वर्षांनी बदलायचाच, असा मी नियम ठेवतो. प्रत्येक टोकाला क्लॅम्प हवाच. नुसता ताणून बसवलेला पाइप इंजिनाच्या थरथरीने कधी सरकेल सांगता येत नाही.

दोन जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. कार्ब्युरेटरच्या वरच्या झाकणात पेट्रोल आत नेणारी एक छोटी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती चिमटीत धरून हलवून बघा. सैल लागली तर ती एके दिवशी निसटेल आणि पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर उडेल. झाकण काढून ती पक्की करून घ्या, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. दुसरी जागा म्हणजे प्लास्टिकचा फिल्टर. पुष्कळ गाड्यांत तो इंजिनच्या खणात, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) डोक्यावर लोंबकळताना दिसतो. तिथून काढा आणि टाकी व इंजिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या पलीकडे, टाकीच्या बाजूला बसवा.

पावडरचा अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. मागे सामानाखाली ठेवला तर ऐन वेळी हाताला लागणार नाही.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेने टाकी आतून गंजते आणि तोच गंज पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घाला आणि त्यानंतर गाडी थोडी चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल.

३. ऑइल

या इंजिनाचं नाव हवेने थंड होणारं असलं तरी त्याची बरीच उष्णता ऑइल वाहून नेतं, आणि तेही अवघं अडीच लिटर. कागदी फिल्टर नाही, तळाशी फक्त जाळी आहे. धावत्या गाडीत दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलतात. क्वचित चालणाऱ्या गाडीत वर्षातून एकदा बदलाच, मग किलोमीटर दोनशे झालेले असोत. गाडी लांबच्या मुदतीसाठी उभी करायची असेल तर ऑइल उभी करण्याच्या आधी बदला. वापरलेल्या ऑइलमधली आम्लं आणि पाणी महिनोन्‌महिने बेअरिंगला लागून राहू देण्यात काही शहाणपण नाही.

गाडी चालवून आणल्यावर, ऑइल गरम असतानाच सोडा. जाळी काढून पेट्रोलने धुवा, दोन्ही बाजूंचे कागदी गॅस्केट आणि तांब्याचे वॉशर नवे घाला. जाळीच्या झाकणाचे छोटे नट जेमतेम ७ न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. जोर लावला की मऊ आवरणातून स्टडच उपटून येतो. जाळीत काय अडकलं तेही बघा. थोडा काळा चिकट गाळ चालेल, पण धातूचे चमकणारे तुकडे दिसले तर गाडी जाणकाराला दाखवा.

४. टॅपेट

हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर, सकाळी. फीलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) ०.१५ मिलिमीटरचं; टॅपेटचा स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एवढंच अंतर हवं. बाजूच्या झाकणाची तार खाली ओढली की झाकण सुटतं. इंजिनाची खालची पुली पान्याने फिरवून तिच्यावरची खूण इंजिनाच्या मधल्या सांध्याशी आणा आणि डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून बघा. आतला रोटर कडेवरच्या खाचेकडे तोंड करून असेल तर पहिला सिलिंडर जागेवर आला. गाडीच्या मागे, ती पुढे जाते त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं तर पहिला उजवीकडचा पुढचा, दुसरा उजवीकडचा मागचा, तिसरा डावीकडचा पुढचा, चौथा डावीकडचा मागचा. पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह झाले की पुली उलट्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, बरोबर अर्धा फेरा फिरवा. दुसरा येतो, मग तिसरा, मग चौथा.

गेज सरकताना हलकी ओढ लागली पाहिजे. नट आवळताना स्क्रू जरासा फिरतो आणि अंतर बदलतं, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा मोजा. टॅपेट टकटक करतोय म्हणून घाबरायचं कारण नाही, अंतर जास्त असल्याचा तो आवाज. जो टॅपेट अचानक गप्प झाला, त्याची काळजी करा. अंतर संपलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. तिसऱ्या सिलिंडरच्या एग्झॉस्ट व्हॉल्व्हकडे विशेष लक्ष द्या. जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्या हवेच्या वाटेत येतो, त्यामुळे तो जास्त तापतो. प्रत्येक वेळी मोजलेलं अंतर वहीत लिहा. एकच व्हॉल्व्ह दर वेळी घट्ट होत चालला असेल तर तो आतून ताणला जातोय, आणि हे वहीशिवाय कळत नाही.

झाकणाचं कॉर्कचं गॅस्केट दर वेळी नवं घाला.

५. हवेची वाट

उभ्या गाडीत उंदीर घर करतात आणि त्यांची आवडती जागा म्हणजे पंख्याचं पत्र्याचं आवरण. चिंध्या, कापूस, सुकं गवत सिलिंडरभोवतीच्या पातळ कडांवर (फिनवर) बसलं की इंजिन आतल्या आत भाजून निघतं. या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, त्यामुळे समोर काहीच दिसत नाही. बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी पंख्याच्या तोंडातून टॉर्चने आत बघा.

इंजिनाच्या चहूबाजूंची रबरी पट्टी आणि प्लगच्या वायरींवरची रबरी टोपणं जागेवर असली पाहिजेत. त्यांतल्या फटींतून खालची गरम हवा वर येते आणि तीच पुन्हा पंख्यात ओढली जाते. पत्र्याचा एखादा लहान तुकडा ‘याची काय गरज’ म्हणून पूर्वीच्या कुणीतरी काढून टाकलेला असतो; तो शोधून परत बसवा.

फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १५ मिलिमीटर दबायला हवा. कमी-जास्त असेल तर डायनॅमोच्या पुलीच्या दोन भागांमधले पातळ वॉशर काढून किंवा घालून जुळवतात. या इंजिनात त्याच बेल्टवर पंखाही फिरतो. त्यामुळे चालता चालता चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नका. तिथेच थांबा आणि इंजिन बंद करा. जास्तीचा बेल्ट आणि पाना गाडीत कायम असू द्या.

हीटर वापरत असाल तर एग्झॉस्टच्या सांध्यांवर काळी काजळी दिसते का ते बघा. उबेची हवा एग्झॉस्टभोवतीच्या आवरणातूनच आत येते. तिथे गळती असेल तर तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि त्याला वास नसतो.

६. उरलेलं

बॅटरी: पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. उभ्या गाडीत अर्थची तार काढून ठेवा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. ते रंगावर सांडू देऊ नका. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनिंग ड्रमला चिकटतं. चाकांना लाकडी ठोकळे लावा.

टायरची नक्षी शिल्लक असली तरी वय बघा. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. दहा वर्षं उलटलेला टायर कितीही नवा दिसला तरी काढा. ही व्हॅन जड आहे, तिला जास्त भाराचे, सी अक्षराचे टायर लागतात. त्याच मापाचा कारचा टायर चालत नाही.

गाडी ओली असताना झाकू नका. प्लास्टिकचं आवरण तर नकोच, हवा खेळणारं कापडी घ्या. छताच्या पन्हळीत, पुढच्या काचेच्या रबराखाली आणि बॅटरीच्या खालच्या पत्र्यावर गंज आधी दिसतो. वर उचलणारं छत असेल तर त्याचं कापड पूर्ण सुकवूनच बंद करा.

७. बरेच दिवस उभी राहिल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना

ऑइल तपासा, पंख्यात बघा, पेट्रोलचे पाइप चाचपा. मग कॉइलची १२ व्होल्टची तार काढा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत फिरवा. ठिणगी नसल्याने इंजिन सुरू होणार नाही, पण पंप ऑइल वर चढवेल. ऑइलचा दिवा विझला की तार परत लावा. ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे ऑटोमॅटिक चोक बसेल, आणि चावी फिरवा. सुरू झाल्यावर एक जण आत, दुसरा मागे अग्निशामक घेऊन उभा. कुठे पेट्रोल झिरपतंय का ते मिनिटभर नीट बघा.

रस्त्यावर जाण्याआधी आवारातच, माणूस चालतो तेवढ्या वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबा. पेडल मऊ लागलं तर तिथेच थांबा. पहिली फेरी जवळचीच करा. परत आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न टेकवता नुसता न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. तो उघडून दुरुस्त होईपर्यंत गाडी पुन्हा बाहेर काढू नका.