ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅश: पार्सर लिहिताना या चुका टाळा

सेटिंग फाइलमधली ओळ लांबली की शेवटी बॅकस्लॅश (\) द्यायचा आणि मजकूर खालच्या ओळीत न्यायचा. पार्सर म्हणजे ती फाइल वाचून अर्थ लावणारा कोड; त्याला या ओळी पुन्हा जोडाव्या लागतात. नवी पोरं हे काम एका 'रिप्लेस'मध्ये, म्हणजे बॅकस्लॅश आणि ओळीचा शेवट शोधून पुसून, उरकतात. मीही उरकलं होतं.

वणीकडच्या एका जिनिंगात वजनकाट्याचा प्रोग्राम माझा. ऐन सीझनात सकाळी फोन आला, "भाऊ, काटा चालून नाही राहिला." जाऊन पाहतो तर कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत. स्क्रीनवर 'पोर्ट सापडला नाही', म्हणजे काटा कॉम्प्युटरला जिथे जोडलाय ती जागाच प्रोग्रामला मिळेना. केबल बदलली, काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) उघडला, दोन तास गेले. मग डी ड्राइव्हवर एक नवंच फोल्डर दिसलं: 'नोंदीपोर्ट=कॉम३'. आदल्या रात्री दिवाणजींनी बॅकअपची जागा बदलून 'डी:\नोंदी\' लिहिली होती. माझ्या पार्सरने शेवटचा बॅकस्लॅश जोड समजून खालची पोर्टची ओळ गिळली. दिवाणजींचं काय चुकलं? विंडोजमध्ये फोल्डर असंच लिहितात.

शेवटी किती बॅकस्लॅश आहेत ते मोजा. विषम असतील तर ओळ जोडा, सम असतील तर नाही; कारण दोन बॅकस्लॅश म्हणजे मजकुरातला एक खरा बॅकस्लॅश. जावा भाषेतल्या प्रॉपर्टीज (सेटिंग) फाइलचा हाच नियम आहे. पण दिवाणजींना दोन-दोन बॅकस्लॅश कोण शिकवणार? म्हणून जोडलेल्या तुकड्यात 'नाव=' असं काही दिसलं की माझा पार्सर आता आधी विचारतो.

दुसरं दुखणं म्हणजे बॅकस्लॅशनंतरची स्पेस. डोळ्यांना दिसत नाही आणि ओळ जोडली जात नाही. अपाची वेब सर्व्हरच्या सेटिंग फाइलला तर बॅकस्लॅशनंतर काहीच चालत नाही. काही जण ती स्पेस गुपचूप कापून ओळ जोडून टाकतात. मला हा आळस पटत नाही. मी सरळ एरर देतो. नोटपॅडची फाइल असेल तर ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्हही असतं. ते मात्र आधीच काढा, नाहीतर एकही ओळ जोडली जाणार नाही.

कॉमेंटच्या, म्हणजे प्रोग्रामने सोडून द्यायच्या टिपेच्या, शेवटी बॅकस्लॅश आला तर? लिनक्समध्ये कमांड चालवणारं शेल पुढची ओळ जोडत नाही, प्रोग्राम बिल्ड करणारं मेक जोडतं. मी जोडत नाही.

जोडताना मध्ये स्पेस ठेवायची की नाही, ते ठरवून लिहून ठेवा. लिनक्समधल्या सर्व्हिसेस चालवणारं सिस्टमडी बॅकस्लॅशच्या जागी स्पेस टाकतं. जावा टाकत नाही, उलट खालच्या ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसही खातं.

फाइलच्या शेवटच्या ओळीवर बॅकस्लॅश असेल तर एरर द्या.

आणि एररमध्ये जोडल्यानंतरचा नाही, मूळ फाइलमधला ओळ नंबर सांगा. दिवाणजी नोटपॅडच उघडणार आहेत.